पणतीचं माप

अण्णा, तुमच्या पणतीचं माप घ्यायला एक बाई आल्या होत्या. टेप घेऊन नाही, कागद घेऊन. आणि कशाचं माप, तर तिला अभ्यास करावासा किती वाटतो त्याचं. हसू नका. मी पण आधी हसले होते. आता हसत नाही, आता मला भीती वाटते. आणि भीती वाटली की तुम्हालाच हाक मारायची सवय काही गेली नाही. तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाली, माझे गुडघे गेले, दाढा गेल्या, सवय तेवढी राहिली.

सगळे बाहेर गेलेत. मुलगा तिकडं पीण्या भागात त्याच्या कारखान्यात, सून तिच्या ऑफिसात, आणि ती शाळेत. मी स्वयंपाकघरात ओट्याशी स्टूल ओढून बसलेय, कुकर लावलाय, मध्येच शिट्टी झाली तर उठावं लागेल. अक्षरं तुम्हीच शिकवलेली आहेत, तेव्हा चुकली तर तुमचं तुम्ही बघून घ्या.

आधी तिच्याबद्दल सांगते, कारण तुम्ही तिला पाहिलं नाही आणि त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं. दहावीला आहे. उंच झालीय, माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवून उभी राहते आणि म्हणते, "आजी, तू घटत चाललीस, रेशनवर आहेस का?" डोसा तव्यावरून ताटात यायच्या आधीच खाते. मला फोनवर फोटो पाठवायला तिनंच शिकवलं, आणि मी चुकून तिच्या शाळेच्या ग्रुपवर माझ्या गुडघ्याचा फोटो टाकला तेव्हा दोन दिवस लाजेनं माझ्याशी बोलली नाही, मग तिसऱ्या दिवशी स्वतःच हसत सुटली. घरात असली की घर भरलेलं वाटतं. मला तिच्यात देव दिसतो असं मी शेजारी सांगत फिरते, सून म्हणते सासूबाई दृष्ट लागेल, मी म्हणते लागू दे, मी काढते.

तर त्या बाई. मोठ्या कॉलेजात शिकवतात, त्या यावर अभ्यास करतायत. तीच मुलं, दरवर्षी, आठवीत, नववीत, दहावीत. एक कागद देतात, त्यात वाक्यं असतात. मला अभ्यास आवडतो म्हणून मी करते. घरचे रागावतील म्हणून मी करते. असं. आणि समोर एक ते पाच आकडे, एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अगदी खरं. वाक्यं दरवर्षी तीच. मी नातीला म्हटलं, त्या बाईंना दुसरं काही सुचत नाही का ग? ती म्हणाली, "आजी, तेच ठेवायचं असतं. नाहीतर मी बदलले की कागद बदलला, कसं कळणार?" मला ते पटलं. आपल्या शिलाईच्या दुकानात पण तसंच होतं ना. शाळा सुरू व्हायच्या आधी गणवेशाची गर्दी, चामराजपेटच्या त्या बोळात पोरांची रांग, आणि तुम्ही गळ्यात टेप टाकून उभे. टेप छातीला लावली की एकेक पोरगा कोंबड्यासारखा फुगतो. तुम्ही म्हणता, "श्वास सोड बाळा. फुगून दिलेला सदरा वर्षभर लोंबत राहील." पोरगा सोडत नाही. मग तुम्ही टेप तशीच धरून त्याला विचारता, सकाळी काय खाल्लंस, भाऊ किती, बहिणी किती. तो बोलायला लागतो, श्वास आपोआप सुटतो, आणि तुम्ही हळूच आकडा बघता. मी खाली बसून चिंध्या गोळा करतेय आणि बघतेय. हे मला का आठवलं ते पुढं कळेल.

यंदा शाळेनं एक शहाणपण केलं. बाईंचा कागद बाईंपाशी ठेवायचा सोडून प्रत्येक घरी आलेखाची एक रेघ पाठवली, छापून. तुमच्या मुलीची अभ्यासाची ओढ अशी अशी. आमच्या घरची रेघ आठवीत वर, नववीत वर, आणि दहावीत एकदम तळाला. मुलानं ती रेघ जेवायच्या टेबलावर ठेवली आणि कोणी जेवेना.

"आई, बघ. हे बघ कसं पडलंय."

"अरे, चाचणीत तर बरे मार्क आहेत तिला."

"मार्क नंतर पडतात. आधी हे पडतं. माझ्याकडं लेथवरचा एखादा जॉब, एखादा पार्ट, असा मापाच्या खाली गेला तर मी मशीन थांबवतो."

"पोरगी काय जॉब आहे का रे? लेथवर चढवलीय का तिला?"

"तू मध्ये बोलू नको आई, प्लीज."

रागावला नव्हता, घाबरला होता. माझा मुलगा घाबरला की त्याचा आवाज तुमच्यासारखा होतो. मग त्यानं सांगितलं की समुद्राकडच्या जिल्ह्यात एक कॉलेज आहे, पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची, दोन्ही वर्षं हॉस्टेलातच ठेवतात, अभ्यास करूनच घेतात. दहावी झाली की लगेच तिथं. सीट आत्ताच धरावी लागते. पहाटे उठवतात, मोबाईल काढून घेतात, घरी फोन रविवारी. नात ताटाकडं बघत होती. भाताचे दाणे बोटानं एका रांगेत लावत होती. बोलणारी पोरगी बोलली नाही म्हणजे काय, हे मला विचारा.

तेव्हापासून मला भीती बसली. आमच्या गल्लीतली एक मुलगी त्या बाजूच्या अशाच हॉस्टेलात गेली होती, सुट्टीला आली तेव्हा आपल्याच घरात पाणी प्यायच्या आधी आईला विचारायची, पिऊ का म्हणून. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि पेपरात अशा हॉस्टेलातल्या पोरांचं काय काय येतं ते मी वाचत नाही, पण सून वाचून पेपर पटकन घडी घालते त्यावरून कळतं. नात न्हाणीघरात जरा जास्त वेळ राहिली की मी दारावर टकटक करते, "साबण आहे का ग?" आतून ती ओरडते, "आहे ग आजी, कालपण होता!" बरं वाटतं. मग परत वाटायचं थांबतं.

मग त्या रविवारी आम्ही दोघी अवरेकाळू, म्हणजे आपले पावट्याचे दाणे, सोलत बसलो होतो. तुम्हाला किती आवडायचे, भिजवून, चिमटीत धरून दाणा सालातून बाहेर उडवायचा. ती माझ्यावर नेम धरून उडवते, माझ्या चष्म्यावर एक बसला तर तिला केवढा आनंद. त्या दिवशी ती नेम धरत नव्हती. सरळ पातेल्यात टाकत होती.

"आजी, मी काय चुकले ग? मी तर सगळं चांगलंच लिहिलं होतं."

"काय लिहिलंस?"

"यंदा त्यांनी विचारलं, इंग्लिश पाहिजे का कन्नड. बेंचवरच्या माझ्या फ्रेंडनं कन्नड घेतला म्हणून मीपण घेतला. त्यात सारखं तेच ग. तुझ्यात अभ्यासाचा छळ आहे का. कमी मार्क पडले तरी छळ राहतो का. मी सगळीकडं लिहिलं, अजिबात नाही. एक, एक, एक."

"छळ लिहिलं होतं?"

"छल लिहिलं होतं. मला वाटलं छापताना ळ चा ल झालाय. आणि मिस समोरच उभी होती. मला वाटलं शाळेची चौकशी चाललीय. कोण लिहील, हो, होतो म्हणून?"

माझ्या हातातला दाणा हातातच राहिला, अण्णा. कारण हा शब्द आपल्या घरात एकदा येऊन गेलाय.

तुम्हाला ठाऊक नाही. तुम्हाला कधीच कळलं नाही, आणि मला कळलं तेव्हा तुम्ही नव्हता. तुम्ही सांगलीकडून आलेले, मामाच्या दुकानात बसलात, कन्नड शिकलात ते गिऱ्हाइकापुरतं. "नाळे बन्नी" तेवढं फर्मास, उद्या या, उद्या या. मी चौथीत होते. एक दिवस आमचे मास्तर दुकानात आले, कपडे शिवायला नाही, माझ्यासाठी. मी मशीनपाशी खाली बसलेय, तुमचा पाय पायट्यावर थांबलेला मला दिसतो. मास्तर गंभीर माणूस, हसून बोलायची त्यांना सवयच नव्हती. ते म्हणाले, "निम्म मगळिगे तुंबा छल इदे. गमनिसि." एवढंच, आणि छत्री उचलून गेले. तुमच्या कानाला काय ऐकू आलं? तुमच्या मुलीला फार छळ आहे, लक्ष द्या.

तुम्ही मला उभं केलंत. "कोण छळतं तुला? नाव सांग." मला काही कळेना. "एवढे दिवस बोलली का नाहीस?" तुमचा आवाज चढला तशी मी रडायला लागले, आणि मी रडले म्हणजे खरंच छळतात, अशी तुमची खात्री झाली. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. आई म्हणाली, आता तरी जाऊन विचारा, तुम्ही म्हणालात माझी पोर मी त्या लोकांत पाठवणार नाही. आणि दुकानातल्या निळ्या खडूचा एक चपटा तुकडा माझ्या हातात दिलात, नवा, अख्खा, आणि दुपारच्या वेळी कापडावर मला मराठी अक्षरं काढून दाखवायला लागलात. ग काढायचा, बघायचा, हातानं झटकून टाकायचा. त्याच कापडाची मग कोणाची तरी विजार व्हायची. कित्येक लोक माझी बाराखडी घालून हिंडले असतील.

पुढं खूप वर्षांनी फुलं विकणारी एक अक्का भेटली, बाजारात बसायची. मल्लिगे, म्हणजे मोगरा, मोळावर द्यायची, मोळ म्हणजे कोपरापासून बोटापर्यंत, आणि तिचा हात आखूड, त्यामुळं तिच्याकडं फुलं नेहमी कमीच यायची, तरी मी तिच्याकडंच घ्यायची कारण बोलायची छान. ती एकदा म्हणाली, "नन्न मगळिगे तुंबा छल, अक्का." मी म्हटलं, "अय्यो पाप, बिचारी! कोण छळतं?" ती माझ्याकडं असं बघायला लागली की मी तिच्या पोरीला शिवी दिली. "कोणी नाही! तिला छल आहे. धरलं की सोडत नाही. नर्स होणार म्हणजे होणार." मी फुलं हातात धरून तिथंच उभी. बस गेली, दुसरी आली, तीपण गेली. छल म्हणजे जिद्द, अण्णा. कन्नडात जिद्द. मास्तर तुम्हाला सांगायला आले होते की तुमच्या पोरीत जिद्द आहे, तिच्याकडं लक्ष द्या.

मी तुमच्यावर रागावले नाही. थोडी रागावले. स्वल्प. मग वाटलं, माझा छळ होतो म्हणून तुम्ही एका दिवसात शाळा सोडवलीत, असा बाप तरी किती जणींना मिळतो. हे दोन्ही मला एकदम वाटतं, आजही, आणि कुठलं खरं ते मी ठरवलेलं नाही.

तर आता त्या रविवारी माझ्या नातीसमोर मी बसलेय, आणि तोच शब्द परत घरात आलाय, आणि पुन्हा एक पोरगी घरातून बाहेर काढायला निघालाय. मी भिंतीला धरून उठले. नातीला वाटलं मला चक्कर आली. मी मुलाला हाक मारली, सगळं सांगितलं, तर तो म्हणतो, "आई, ते शास्त्रीय आहे ग, एका शब्दानं एवढं होत नाही." मी म्हटलं, "एका शब्दानं तुझी आई चौथीतच राहिली." त्यानं ती छापील रेघ परत उचलून बघितली. मग म्हणाला, "सरी, बरं. शाळेत जाऊन विचारू."

शाळेत त्या बाई आल्या होत्या. मला वाटलं होतं कडक असतील, पण तरुण आहेत हो, केस विस्कटलेले, मी बोलायला लागले तशी त्यांच्या हातातली कॉफी तशीच राहिली. मी कन्नडातच सांगितलं. ळ चा ल, सगळं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "अम्मा, इंग्लिश आणि कन्नड कागद सारखेच लागू पडतात का, हे आम्ही आधी तपासलं होतं. पण ज्या घरात मराठी बोलतात तिथली मुलं त्यात नव्हती. तुमच्या नातीसाठी प्रश्नच बदलला. म्हणजे ही रेघ मागच्या दोन वर्षांना जोडताच येत नाही." माझ्या मुलानं विचारलं, मग तिची खरी ओढ किती? बाई त्याला म्हणाल्या, "सर, हे माप खूप मुलांचं एकत्र बघण्यासाठी आहे. एका मुलीचं पुढचं ठरवण्यासाठी मी ते केलेलंच नाही. घरी पाठवायला नको होतं, मी शाळेला तसं सांगते." आणि मग त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आणखी कोणाकोणाच्या घरी असं झालं असेल, ते मला आता शोधावं लागेल." त्यांचा पण चेहरा उतरला होता. मला त्यांची दया आली. मी त्यांना घरी जेवायला बोलावलं.

रिक्षात मुलानं त्या छापील कागदाची घडी घातली, मग आणखी एक. सिग्नलला म्हणाला, "सीट धरायची थांबवतो आई. बघू पुढं." येताना म्हैसूरपाक आणला. नातीनं माझ्या चष्म्यावर परत नेम धरायला सुरुवात केली. सून हसली. मी देवापुढं साखर ठेवली. मग एवढं झाल्यावर भीती कशाला, असं तुम्ही विचाराल.

तिचं ते एक वाक्य, अण्णा. कोण लिहील, हो, होतो म्हणून? घरात सगळे ल बद्दल बोलत होते, आणि ळ तसाच राहिला. तिला वाटलं होतं की छळ होतो का असं विचारलंय, आणि तिनं एक, एक, एक लिहिलं ते मिस समोर उभी होती म्हणून. फुगली होती ती. टेप लागल्यावर फुगली. मग श्वास सोडल्यावर आकडा काय निघाला असता? हे बाईंना मी विचारलं नाही. मुलाला सांगितलं नाही. सांगितलं तर तो पुन्हा घाबरेल, आणि घाबरला की काहीतरी करेल, तुमच्यासारखं, एका दिवसात. आणि न सांगावं तर त्या ळ बरोबर ती एकटीच राहते.

काल ती शाळेतून आली. मी तिला कॉफी दिली, स्वल्प, दुधाचीच जास्त. तुमच्यासारखं केलं, आधी इकडचं तिकडचं विचारलं, डब्यातलं संपलं का, बस वेळेवर आली का. मग म्हटलं, "अभ्यासाचा छळ होतो का ग? आपल्या ळ चा. एक ते पाच, बोटांनी सांग." ती हसली. मग हसायची थांबली. हात वर केला, चार बोटं. मी बघितलं, आणि माझ्या तोंडावर काहीतरी आलं असेल, कारण तिनं माझ्याकडं बघत बघत एक बोट मिटलं, मग आणखी एक. "दोन ग आजी. दोनच. दहावी आहे ना, एवढं असणारच."

तुमच्याकडं टेप होती. माझं तोंडच टेप आहे, आणि ते बघून ती श्वास धरते. मी काय करू?

मग तिनं मला विचारलं, "आणि तुला? तुला माझ्यासाठी किती भीती वाटते, एक ते पाच?" मी एक बोट वर केलं. लगेच, हसत. ती खूश होऊन कॉफी घेऊन आत गेली, बाकीची चार बोटं मी पदरात धरून बसले होते.

हे तुम्हाला पोचणार नाही ते मला ठाऊक आहे. घडी घालून कुठं ठेवायचं तेही कळत नाही, तिला ही अक्षरं वाचता येतात. तिची शाळा सुटायची वेळ होत आली. आज ती आली की तिला काही विचारायच्या आधी मी माझी पाची बोटं दाखवणार आहे, मग तिची बघणार आहे. असं आत्ता लिहिलं खरं, अण्णा, पण खाली गेट वाजलं असं उगाच वाटलं, तर हात आपोआप पदराखाली गेला.